रिपोर्ट सगळे नॉर्मल, चक्कर मात्र तशीच

चक्कर येते म्हणून डॉक्टरांकडे गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: घर फिरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, की तोल जातो? मला यातलं एकही धड सांगता येत नसे. घर जागच्या जागी असायचं, अंधारी यायची नाही, पडले तर एकदाही नाही. धक्क्याला बांधलेल्या होडीत उभं राहावं तशी पायाखालची जमीन हलकेच डुलायची, आणि तीही कॉम्प्युटरसमोर बसलं की किंवा ट्यूबलाइट लागली की. उजेड डोळ्यांत घुसायचा. हे दुखणं कानाचं, डोळ्यांचं की डोक्याचं, इथपासून माझी सुरुवात होती. गुहागर तालुक्यात राहून निदान कसं झालं, उपचार कसे झाले, किती पैसे गेले ते क्रमाने लिहितेय. खर्चाचे आकडे माझे आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील.

मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दाखले, पॅनकार्ड, सातबारा, रेशनकार्डात नाव वाढवणं, कमी करणं. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्न, अधिवास, नॉन-क्रिमिलेअर यांसाठी रांग लागते, ती दरवर्षीचीच. 2024 साली ती ओसरते न ओसरते तोच लाडकी बहीण योजना आली. 28 जूनला घोषणा, 1 जुलैपासून अर्ज, पहिली मुदत 15 जुलै. पुढे मुदत वाढली, अधिवासाच्या दाखल्याऐवजी 15 वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड चालू लागलं, पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. पण हे व्हायच्या आधीचे ते पहिले दिवस! बायका लावणी टाकून यायच्या, अंगावर प्लॅस्टिकची खोळ, पिशवीत आधारकार्ड. त्यांना ‘उद्या या’ म्हणायचं तर त्यांचा आणखी एक दिवस मोडणार. मग मी रात्री उशिरापर्यंत अर्ज भरत बसायचे. झोप चार तास, जेवण उभ्याउभ्या, चहाची तर गणतीच नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी यादी सरकवत होते आणि अक्षरं वर गेली तशी खुर्ची खाली गेली असं वाटलं. छाती धडधडायला लागली, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या, श्वास पुरेना. अर्धांगवायूचा झटकाच आला म्हटलं. समोरच्या काकींनी मला धरून पडवीत आणलं, कुणी कोकमचं सरबत करून दिलं. ‘पित्त झालंय ताय, पोटात काय नाय तुझ्या,’ असं एकमताने ठरलं. अर्ध्या तासात बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी स्क्रीन उघडली आणि पुन्हा तेच, जरा सौम्य. त्याच्या दुसऱ्या दिवशी तर कॉम्प्युटर चालू व्हायच्या आधीच, ट्यूबलाइट लावल्या लावल्या.

गावातल्या डॉक्टरांनी बीपी आडवं झोपवून आणि लगेच उभं करून असं दोन्हीदा घेतलं. उभं राहिल्यावर बीपी एकदम खाली येऊनही चक्कर येते, म्हणून ते तसं बघतात. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-12, ड जीवनसत्त्व या रक्ताच्या तपासण्या केल्या, साधारण दोन हजार रुपये गेले. बी-12 काठावर निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. सोबत चक्करेची गोळी थोड्या दिवसांसाठी. तिने झोप छान लागली, बाकी फरक शून्य.

त्यांनीच तेव्हा एक गोष्ट बजावून सांगितली, ती इथेच सांगते, कारण पुढचं सगळं त्यानंतरचं आहे. चक्करेबरोबर बोलताना जीभ अडखळत असेल, तोंड वाकडं होत असेल, एका बाजूचा हात-पाय जड पडत असेल, एकाचे दोन दिसत असतील, अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं असेल किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखत असेल, तर सरबत पीत बसायचं नाही. गाडी काढायची आणि मोठ्या दवाखान्यात जायचं. माझ्याकडे यातलं काही नव्हतं म्हणून थांबायला, क्रमाने तपासायला वाव होता.

ऑगस्टमध्ये चिपळूणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. गुहागर ते चिपळूण रस्ता पंचेचाळीसेक किलोमीटरचा, शृंगारतळी, मार्गताम्हाने करत जाणारा. दोन्ही बाजूंच्या झाडांमधून ऊन आणि सावली भराभर डोळ्यांवरून जाते. एरवी या रस्त्याचं कौतुक वाटतं, त्या दिवशी मी पूर्ण वेळ डोळे मिटून बसले. तपासणीत चाळिशी लागलेली निघाली, आणि डोळे कोरडे. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या नेहमीपेक्षा बरेच कमी वेळा मिटतो, त्याने डोळ्यांतलं पाणी सुकतं. थेंब दिले, चष्मा दिला, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरचं काहीतरी बघा म्हणाले. तपासणी चारशे, चष्मा अडीच हजारांच्या घरात. एक उपयोगी सूचना त्यांनी केली: कॉम्प्युटर डोळ्यांपासून किती अंतरावर आहे ते घरी टेपने मोजून सांगा. पुस्तकाचं अंतर वेगळं, स्क्रीनचं वेगळं, नंबर त्याप्रमाणे ठरतो. चष्म्याने डोळ्यांची जळजळ थांबली. डुलणं तसंच राहिलं.

7 सप्टेंबरला गणपती आले. आमच्याकडे मखराला दरवर्षी भाचा रोषणाई करतो, या खेपेला पळत्या दिव्यांच्या माळा आणल्या होत्या. आरतीला उभी राहिले, झांजा सुरू झाल्या, आणि त्या लाल-हिरव्या उघडझापीत मला जमीन सापडेना. मागच्या दाराने बाहेर जाऊन विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. घरात पंचवीस माणसं, त्यामुळे ही गोष्ट त्या दिवसापासून सगळ्यांची झाली. मुंबईच्या नणंदेने मानेचा पट्टा सुचवला. दिरांनी मोबाइल सोड म्हणून सांगितलं. सासूबाईंनी दृष्ट काढली आणि ग्रामदेवतेला कौल लावायचं मनात धरलं. मला त्यातल्या कशाचाच राग आला नाही, खरं सांगायचं तर दृष्ट काढताना जे पाच मिनिटं शांत बसायला मिळालं ते बरंच वाटलं. पण विसर्जन झाल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, आता कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ.

मधल्या काळात केंद्र चालवायचं कसं हा प्रश्न होताच. केंद्राचा आयडी माझ्या नावावर, तो दुसऱ्याच्या हातात देऊन चालत नाही. भाचा झेरॉक्स, स्कॅनिंग आणि लोकांचे कागद लावून ठेवणं बघायचा, मी सकाळी तासभर बसून अर्ज भरायचे. केंद्रात पडदे ओढलेले, ट्यूब बंद, आणि माझ्या डोळ्यांना काळा गॉगल. लोकांना वाटायचं डोळे आलेत.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ ऑक्टोबरमध्ये मिळाली, फोन केल्यापासून दोन आठवड्यांनी. या भेटीवर जरा जास्त लिहिते, कारण निम्मं काम इथे झालं. आधी कानाची ऐकण्याची चाचणी झाली, बंद खोलीत हेडफोन लावून ‘टूं’ ऐकू आलं की बटण दाबायचं. मग मला टेबलावर बसवून मान एका बाजूला वळवली आणि झटकन मागे आडवं केलं, डोकं कडेवरून खाली लोंबेल असं. डोळे उघडे ठेवायचे. डॉक्टर बुबुळं बघत होते. कानातले बारीक खडे जागा सोडून गेले असतील तर या चाचणीत बुबुळं विशिष्ट पद्धतीने उडतात आणि चक्कर घरघर फिरवणारी असते. ती असती तर तिथल्या तिथे डोकं ठराविक क्रमाने फिरवून खडे जागेवर नेतात, अनेकांना एकदोन बैठकींत बरं वाटतं. माझी बुबुळं गप्प. मग डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकायला लावली, माझं बोट आधी नाकाला, मग त्यांच्या बोटाला लावायला सांगितलं. तीसेक सेकंद जोरजोरात श्वास घ्यायला लावले, आणि काय सांगू, जुलैतल्या दुपारी झालं होतं ते सगळं तिथे खुर्चीत बसल्याबसल्या उभं राहिलं: मुंग्या, हलकं डोकं, धडधड. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि हे होतं. म्हणजे त्या दिवशीचा झटका हा घाबरण्याचा झटका होता. श्वास सावकाश केल्यावर दोन मिनिटांत उतरलाही.

अर्धशिशीबद्दल त्यांनी खोदून खोदून विचारलं. डोकं ठणकतं का, मळमळतं का, आईला होती का, पाळीच्या आसपास वाढतं का. अर्धशिशीतही चक्कर येते आणि उजेड सोसत नाही, आणि तिची औषधं वेगळी. चार आठवडे वही ठेवायला सांगितली: किती वाजता, काय करताना, किती वेळ, डोकं दुखलं की नाही. एमआरआय लिहून दिला, ‘मला काही सापडेल असं वाटत नाही, पण तुमच्या मनातलं जायला हवं,’ असं स्पष्ट सांगून. तो साडेसहा हजारांना पडला. मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना सगळं काढून ठेवावं लागतं, आधी एक फॉर्म भरून घेतात: अंगात कुठे धातू आहे का, ऑपरेशन झालंय का. नळीत खूप आवाज होतो, डोळ्यांवर रुमाल ठेवून घ्या, आत किती जवळ भिंत आहे ते बघायचंच नाही. हातात एक रबरी फुगा देतात, दाबला की बाहेर काढतात. एवढं माहीत असलं की पंचवीस मिनिटं निभतात. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट: नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरात पेढे वाटावे असं वातावरण होतं, आणि मला रडू आलं. काहीतरी सापडलं असतं तर त्यावर औषध असतं, हा माझा त्या वेळचा हिशोब.

15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. नवे अर्ज थांबले, केंद्रातली गर्दी पार ओसरली, मी आठ-आठ तास झोपू लागले. ताणाचं कारण गेलं म्हणजे चक्कर जायला हवी होती. ती गेली नाही. वहीत दिवाळीच्या आठवड्यातही रोजची नोंद आहे, एक लक्ष्मीपूजनाचा दिवस सोडला तर. त्या दिवशी घरात पणत्याच होत्या.

ही वही बघून कानाच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: पीपीपीडी, म्हणजे पर्सिस्टंट पोस्चरल-परसेप्च्युअल डिझिनेस. चक्करविकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या बारानी सोसायटीने 2017 साली याचे निकष ठरवलेत. तीन महिने किंवा त्याहून जास्त, बहुतेक दिवशी, घर न फिरता डुलल्यासारखं वाटणं. उभं राहिलं, हललं किंवा हलतं, गजबजलेलं काही बघितलं की वाढणं. आणि सुरुवात एखाद्या झटक्याने झालेली असणं, मग तो कानाचा असो की घाबरण्याचा. आपला तोल कान, डोळे आणि पायांचे सांधे अशा तिघांकडून येणाऱ्या खबरांवर चालतो. एकदा जबर भीती बसली की मेंदू सावध होतो आणि डोळ्यांवर नको इतका भरवसा ठेवू लागतो. मग स्क्रीनवरची यादी वर गेली की मेंदूला वाटतं आपणच खाली चाललोय. झटका येऊन गेला तरी ही सवय मागे राहते. म्हणूनच एमआरआयमध्ये काही दिसत नाही: कुठे जखम नाही, कामाची पद्धत बिघडलेली आहे. चक्करेची गोळी त्यांनी बंद केली. ती दोन-चार दिवसांच्या घरघरीसाठी असते, महिनोन्‌महिने घेतली तर मेंदूच्या नव्याने शिकण्यात आडवी येते.

आणि मग म्हणाले, ‘मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. रत्नागिरीला.’

कोकणात राहणाऱ्यांना या वाक्याची गंमत वेगळी सांगायला नको. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. आमच्या भागात कुणी जरा विक्षिप्त वागलं की ‘याला रत्नागिरीला न्या’ म्हणतात. सासूबाईंचा चेहरा उतरला. नवरा म्हणाला, लोकांना डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो म्हणून सांगू. मीच म्हटलं, काही सांगायचं नाही, विचारलं तर खरं सांगायचं. (विचारलं फक्त दोघींनी, आणि त्यातल्या एकीने नंतर हळूच डॉक्टरांचा वार विचारून घेतला.) जायला मला मतदान होईपर्यंत, म्हणजे 20 नोव्हेंबर उलटेपर्यंत धीर झाला नाही. त्या काळात एका रात्री फारच घाबरले तेव्हा 14416 ला फोन लावला. टेलीमानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी माझ्याबरोबर श्वास मोजले आणि जिल्ह्यात कुठे जाता येईल ते सांगितलं. ज्यांच्या गावातून तालुक्याला जायलाच दोन एसट्या बदलाव्या लागतात त्यांनी हा नंबर मोबाइलमध्ये ठेवावा.

रत्नागिरीला आम्ही तवसाळ-जयगड फेरीबोटीने गेलो, गाडी बोटीत घालून. मला वाटलं होतं बोटीत माझे हाल होणार. झालं उलटंच. कठड्याला टेकून खाडीच्या तोंडाकडे, लांब पाण्याच्या रेषेकडे बघत उभी राहिले आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला काहीच डुलत नव्हतं, म्हणजे बोट डुलत होती ती सोडून. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, बरोबर आहे, तिथे डोळे, कान आणि पाय तिघं एकच सांगत होते.

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवलं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे इथे खर्च गाडीच्या पेट्रोलचा आणि फेरीच्या तिकिटाचा. आधारकार्ड, आधीचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेली फाइल आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. गोळ्यांची नावं पाठ नसली तर पाकीट बोलतं. दिवस त्यातच जातो असं धरून निघा, डबा बरोबर असू द्या. बसायच्या जागेत माझ्या आजूबाजूला एक शाळकरी मुलगी होती, एक दर्यावर्दी गृहस्थ होते ज्यांची झोप गेली होती, एक नुकती बाळंतीण होती. रत्नागिरीचं नाव काढून हसणाऱ्यांनी एकदा तिथे बसून बघावं.

डॉक्टरांनी झोप, भूक, घरचं वातावरण, पैशांची काळजी, जीव नकोसा वाटतो का, सगळं विचारलं. सर्ट्रालिनची, म्हणजे घाबरणं आणि उदासी यांवरच्या औषधाची लहान गोळी सुरू केली. त्यांनी आधीच सांगितलं होतं की पहिले काही दिवस मळमळेल, जीव जास्त घाबरल्यासारखा होईल, आणि गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतील. तसंच झालं. पहिला आठवडा वाईट गेला. जेवणानंतर घेतल्यावर मळमळ कमी झाली. हे आधी सांगितलेलं नसतं तर मी तिसऱ्या दिवशी गोळी खाडीत टाकली असती. ‘सवय लागेल का’ हा प्रश्न मीही विचारला. या गोळ्यांची नशेसारखी ओढ लागत नाही, पण त्या एकदम बंद करायच्या नसतात, असं उत्तर मिळालं.

गोळीइतकंच काम व्यायामाचं होतं. समुपदेशक ताईंनी पहिली गोष्ट काय केली असेल तर माझा गॉगल काढून घेतला. घरात काळी काच लावून बसलं की डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही मग टोचायला लागतो. एकदम काढायचा नव्हता: आधी पडवीत, मग माजघरात पडदे उघडून, मग केंद्रात. बाहेर उन्हात मात्र टोपी आणि साधा गॉगल चालतो. आमच्याकडे दुपारी वाळूवरून आणि पाण्यावरून येणारी तिरीप कुणालाही सोसत नाही, त्यात आजार नाही.

मग रोज सकाळ-संध्याकाळ: भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, नजर त्यावर ठेवून मान डावी-उजवी, मग वर-खाली. सुरुवातीला बसून, नंतर उभं राहून, नंतर चालताना. डुलल्यासारखं होईल एवढंच करायचं, ओकारी येईपर्यंत नाही, आणि ते डुलणं उतरेपर्यंत थांबून मग पुढचं. माझं चालणं गुहागरच्या किनाऱ्यावर. भरतीच्या ओल्या घट्ट वाळूवरून सुरू केलं, सुरूच्या बनाजवळच्या भुसभुशीत वाळूपर्यंत यायला संक्रांत उलटली. लाटांकडे बघत उभं राहणं हा आमच्या ताईंच्या यादीतला शेवटचा धडा होता, पर्यटक ज्यासाठी लांबून येतात तोच.

स्क्रीनचं वेळापत्रक वेगळं. मोबाइलवर गजर लावून पाच मिनिटं, मग विश्रांती, आठवड्याला थोडी थोडी वाढ. बरं वाटतंय म्हणून जास्त बसायचं नाही आणि वाईट दिवस आहे म्हणून सुट्टीही घ्यायची नाही, ठरलंय तेवढंच. मला हे दुसरं जड गेलं. केंद्रातही काही बदल केले आणि त्यांचा उपयोग झाला. जुनी चोकवाली ट्यूब काढून टाकली. आपल्याकडच्या पन्नास हर्ट्‌झच्या विजेवर ती सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते, डोळ्यांना दिसत नसलं तरी काहींना जाणवतं. तिच्या जागी बऱ्यापैकी एलईडी लावली, तीनशे रुपये. टेबल फिरवून खिडकी बाजूला घेतली, पाठीमागे किंवा समोर ठेवली नाही. स्क्रीनचा उजेड खोलीइतका ठेवला: पांढरा कागद शेजारी धरून बघायचं, स्क्रीन दिव्यासारखी चमकत असेल तर कमी, मळकट दिसत असेल तर वाढवायचा. अक्षरं मोठी केली. यादी चाकाने सरकवण्याऐवजी पेज-डाउनचं बटण, म्हणजे पान एकदम बदलतं, वाहत नाही. मोबाइलच्या सुलभता सेटिंगमध्ये ॲनिमेशन बंद करायची सोय असते, ती केली. ओएलईडी पडद्याचे अनेक फोन उजेड अगदी कमी केला की भराभर उघडझाप करून तो कमी दाखवतात, म्हणून रात्री पडदा एकदम मंद करण्यापेक्षा खोलीत दिवा लावून मध्यम उजेडावर बघणं मला मानवलं.

गुण दिसला तो जानेवारी 2025 च्या शेवटी, आणि तोही उशिरा लक्षात आला. भाच्याने म्हटलं, मामी, आज तू टेबल धरून उठली नाहीस. फेब्रुवारीत पुन्हा घसरलं, पाळी आणि सर्दी एकदम आली तेव्हा. वहीत बघितलं तर आधीच्या घसरणींपेक्षा लवकर सावरलेलं होतं. मेमधली दाखल्यांची गर्दी मी अर्धा वेळ माणूस ठेवून काढली. सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीणचं ई-केवायसी सुरू झालं, बाईच्या आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी लागणारं, आणि पायरी पुन्हा भरली. या वेळी दुपारी एक ते तीन केंद्र बंद ठेवलं, रात्री आठनंतर कुणाचाही अर्ज घेतला नाही. दोन बायका रागावून दुसरीकडे गेल्या. जाऊ देत.

पैशांचं राहिलं. गोळ्या आणि समुपदेशन सोडून सगळं मिळून पंधरा हजारांच्या आसपास गेले, त्यात एमआरआय सगळ्यात मोठा. आमच्या विम्यात ओपीडी बसत नाही म्हणून त्यातलं काही परत मिळालं नाही. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 21 मध्ये शारीरिक आजारांच्या धर्तीवरच मानसिक आजारांनाही विमा द्यावा असं म्हटलेलं आहे, तेव्हा दाखल व्हायची वेळ आली तर नकार ऐकून गप्प बसू नका, लेखी कारण मागा. नवी पॉलिसी घेताना चालू उपचार फॉर्ममध्ये लिहा. लपवलं तर पुढे तेच निमित्त होतं.

सध्या गोळी कमी करणं चाललंय. जानेवारी 2026 पासून आधी पाऊण, मग अर्धी, प्रत्येक पायरीला काही आठवडे. डॉक्टरांनी बजावलंय की ही गोळी झटकन सोडली तर सोडण्यानेच चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यागत होतं, आणि आजार उलटला असं वाटून माणूस घाबरतं. म्हणून वही पुन्हा काढलीय. पुढच्या भेटीला जाताना फेरीबोटीचं वेळापत्रक आधी फोन करून विचारून घ्यायचं, पावसाळी हवेत फेऱ्या बदलतात. आणि फाइलमध्ये या वेळी चष्म्याचा नवा नंबरही लावायचाय, तो वाढलाय.